रिकाम्या रस्त्यांची साक्ष

एकाच जागेची दोन छायाचित्रे शेजारी मांडण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. त्यांतले एक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे, तपकिरी पडलेले असते आणि दुसरे आजचे, रंगीत. दिनदर्शिकांत, प्रदर्शनांत, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत आणि घरोघरच्या मोबाइलच्या पडद्यावर अशा जोड्या नित्य दृष्टीस पडतात. एकीकडे हॉर्न्बी रोडवर दोन-चार घोडागाड्या आणि स्वच्छ, रुंद रस्ता; दुसरीकडे त्याच रस्त्यावर मोटारींची रांग, तारांची जाळी आणि फलकांची गर्दी. पाहणाऱ्याच्या तोंडून निघणारा उद्गारही ठरलेलाच असतो : काय होती मुंबई आणि काय झाली!

ही हळहळ अस्वाभाविक नाही. परंतु ती निरुपद्रवीही नाही. शहरातील कोणती वास्तू राखावी, कोणती पाडावी, कोणता रस्ता रुंद करावा आणि कोणाला कोठे हलवावे, या प्रश्नांवरील लोकमत पुष्कळदा अशाच चित्रांवरून बनत असते. छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी सर्वसामान्य समजूत आहे. म्हणून त्याची साक्ष उलटतपासणीवाचून मान्य केली जाते. तशी तपासणी करू लागले, म्हणजे मात्र जुन्या चित्रांविषयी आणि त्यांहून अधिक आजच्या शहराविषयी काही निराळ्याच गोष्टी ध्यानात येतात.

माणसे कोठे गेली?

जुन्या मुंबईच्या छायाचित्रांत सर्वात प्रथम डोळ्यांत भरते ती शांतता. रस्ते मोकळे, मैदाने निर्जन, इमारतींच्या पायऱ्या ओस. ही शांतता खरी होती काय? १८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर भरली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापाराला भरती आली होती, आणि त्या पैशाच्या ओढीने देशाच्या सर्व भागांतून माणसे या बेटावर उतरत होती. एवढ्या वस्तीच्या शहराचे रस्ते भरदिवसा रिकामे असणे शक्य नव्हते.

उलगडा छायाचित्रणाच्या तंत्रात आहे. त्या काळी काचेच्या तावदानावर रासायनिक लेप चढवून, तो ओला असतानाच चित्र टिपावे लागे. तावदान वाळण्यापूर्वी ते धुऊन पक्के करणे भाग असल्यामुळे छायाचित्रकाराला काळोख्या खोलीचा तंबू सोबत बाळगावा लागे. भर उन्हातही भिंगाचे झाकण कित्येक सेकंद उघडे ठेवल्याखेरीज चित्र उमटत नसे. जे स्थिर होते ते या अवधीत नेमके टिपले गेले. जे हलत होते ते पुसट झाले किंवा मुळीच उमटले नाही. दगडी इमारत राहिली, सावलीत निजलेला गाडीवान राहिला. डोईवर ओझे घेऊन चाललेला हमाल, पाणी वाहणारा भिस्ती, कचेरीकडे निघालेला कारकून हे सारे नाहीसे झाले. नीट निरखून पाहिले तर काही चित्रांत रस्त्यावर धुरासारखे पट्टे दिसतात. ती चालती माणसे होत.

म्हणजे ज्या निवांतपणासाठी आज उसासे टाकले जातात, त्याचा काही भाग तरी भिंगाच्या मंदपणाने निर्माण केलेला आहे. शहर पुढे गजबजले यात शंका नाही. मुंबईच्या मूळ बेटावरील वस्ती २०११ च्या जनगणनेत ३० लाख ८५ हजारांच्या आसपास, म्हणजे १८६४ च्या जवळजवळ चौपट होती. उपनगरे धरून ती १ कोटी २४ लाखांवर जाते. तथापि गजबज ही काल-परवाची आपत्ती नव्हे. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्यातले बाजार, धंदे, सण आणि नाना जातीजमातींचे लोक वाचताना ज्या शहराची ओळख होते, ते गर्दीचे आणि गलबल्याचे शहर आहे. छायाचित्रकाराने रिकामा ठेवलेला रस्ता ग्रंथकाराने भरून ठेवला आहे. दोघांची साक्ष एकत्र घेतल्यावाचून निवाडा होऊ शकत नाही.

कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे?

तंत्र सुधारले, कोरड्या काचा आल्या, पुढे हातात मावणारे कॅमेरे आले; तरीही दुसरा प्रश्न उरतोच. कॅमेरा कोणाचा होता आणि तो कोणत्या दिशेला रोखलेला होता? मुंबईत छायाचित्रणाचे पाऊल फार लवकर पडले. १८५४ साली येथे छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांत होते. तेव्हा ही कला केवळ गोऱ्या साहेबांच्या हाती होती असे नव्हे. परंतु चित्रांचा ग्राहक मुख्यतः युरोपीय होता. विलायतेस परत जाताना त्याला सोबत न्यायला हवा असे तो टाऊन हॉल, गिरजाघर, सचिवालय, विद्यापीठाचा मनोरा आणि बंदर. साहजिकच आजची ‘जुनी मुंबई’ म्हणजे बव्हंशी कोटाचा परिसर. भुलेश्वर, कामाठीपुरा, परळ, नागपाडा येथील गल्ल्यांची त्या काळची चित्रे त्या मानाने फारच थोडी.

माणसांची चित्रेही टिपली गेली, पण तीही मोठ्या चमत्कारिक रीतीने. विल्यम जॉन्सन याने १८६० च्या दशकात मुंबईच्या रहिवाशांचे जातीजमातींनुसार चित्रसंग्रह प्रसिद्ध केले. त्यांत स्टुडिओत टिपलेल्या मनुष्याकृतींच्या मागे दुसऱ्याच ठिकाणी घेतलेली दृश्ये जोडलेली आढळतात. रस्त्याच्या चित्रात माणूस नाही आणि माणसाच्या चित्रातला रस्ता त्याचा नाही! श्रमिक वस्तीच्या आतपर्यंत कॅमेरा नेटाने शिरला तो १८९६ च्या प्लेगनंतर, आणि तोही सरकारी मोहिमेच्या पाठोपाठ. जे घर एरवी चित्र काढण्याच्या लायकीचे ठरले नाही, ते रोगाचे घर म्हणून चित्रात आले.

या निवडीचा परिणाम आजतागायत चालू आहे. १९९५ साली मुंबईत वारसा-वास्तूंच्या जतनाचे नियम लागू झाले, ही देशात मोठी अभिनंदनीय गोष्ट होती. २००४ साली छत्रपती शिवाजी टर्मिनसला आणि २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतालच्या गॉथिक व आर्ट डेको शैलीच्या ९४ वास्तूंच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. या वास्तू त्या मानाला पात्र आहेत, यात संशय नाही. परंतु ज्या इमारती दीडशे वर्षे चित्रांतून डोळ्यांपुढे राहिल्या, त्यांच्यासाठी लोकमत जागे करणे सोपे गेले. आणि ज्यांचे चित्रच नाही, त्यांच्यासाठी कोणी हळहळलेही नाही. गिरणगावाचे उदाहरण ताजे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे आणि बाजारसंकुले उभी राहिली. लोअर परळच्या एका संकुलात गिरणीची जुनी चिमणी शोभेसाठी राखून ठेवलेली आहे. तिचे ‘तेव्हा आणि आता’ सहज घेता येते. पाळी सुटल्यावर फाटकातून लोटणारी माणसे, खाणावळीतल्या पंक्ती आणि दहा बाय बाराच्या खोलीत आळीपाळीने झोपणारे गाववाले यांचे मात्र ‘तेव्हा’ही तुरळक आहे आणि ‘आता’ तर उरलेलेच नाही.

दोन चित्रांच्या मधली वर्षे

छायाचित्रांच्या जोडीत सर्वात मोठी उणीव असते ती मधल्या काळाची. पहिले चित्र १८७५ चे आणि दुसरे आजचे असले, तर मधल्या दीडशे वर्षांत काय घडले याचा उलगडा त्यांतून होत नाही. मग पाहणारा ती पोकळी आपल्या समजुतीने भरून काढतो : पूर्वीचे लोक सौंदर्यदृष्टीचे होते, आजचे बेपर्वा झाले.

एस्प्लनेड मॅन्शन या इमारतीकडे पाहावे. १८६० च्या दशकाच्या अखेरीस ती वॉटसन्स हॉटेल म्हणून उभी राहिली. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणलेला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच वास्तूत झाला. जुन्या चित्रात ती दिमाखाने उभी आहे. २००५ साली तिच्या सज्जाचा भाग कोसळला आणि २०१९ साली न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. आजचे चित्र भग्नावशेषाचे आहे. मधल्या काळात हॉटेल बंद पडले, खोल्यांची विभागणी झाली, छोटी कार्यालये आणि वकिलांच्या कचेऱ्या आल्या. मालकी एकाची, वापर दुसऱ्याचा आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाचीच नाही, अशी अवस्था झाली.

ही अवस्था एका इमारतीपुरती नव्हती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने घरभाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धकाळातील टंचाईत हा कायदा न्याय्य होता. तो नसता तर गिरगाव-दादरच्या चाळींत शिक्षक, कारकून आणि कामगार टिकलेच नसते. परंतु भाडे जागच्या जागी राहिले आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, तेव्हा मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ साली शासनाला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला आणि सुमारे १९ हजार ६०० उपकरप्राप्त इमारती त्याच्या कक्षेत आल्या. गिलावा उडालेल्या, टेकू लावलेल्या चाळीचे आजचे चित्र पाहताना हा हिशेब समोर नसेल, तर दोष भाडेकऱ्याच्या अस्वच्छतेला दिला जातो. भाड्याची पावती आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक चित्राशेजारी ठेवले, तरच ते चित्र वाचता येते.

उलट जुन्या चित्रातील सौंदर्याचे श्रेयही पुष्कळदा चुकीच्या खाती जमा होते. आरंभी उल्लेखिलेला हॉर्न्बी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, जुन्या चित्रांत इतका देखणा का दिसतो? तेथील इमारती निरनिराळ्या मालकांच्या आणि निरनिराळ्या शैलींच्या आहेत. पण १८९६ च्या नियमाने प्रत्येकाला रस्त्याच्या बाजूस पादचाऱ्यांसाठी कमानींचा छायेचा मार्ग ठेवणे बंधनकारक केले. त्यातून सलग, उन्हापावसात चालता येईल असा रस्ता घडला. तो देखणेपणा जुन्या जमान्याचा खास गुण नव्हे. तो नियमाचा आणि त्या नियमाच्या अंमलबजावणीचा गुण आहे. असा नियम आजही करता येतो. ‘गेले ते दिवस’ म्हणून सुस्कारा सोडणारा नागरिक नकळत नगररचना अधिकाऱ्याची सुटका करीत असतो.

आणि बदल सर्वत्र ऱ्हासाचाच आहे असेही नाही. ज्या मोकळ्या, धुळीच्या हिरवळीवर एके काळी कापसाच्या गासड्यांचे ढीग पडत, तेथे १८७० च्या सुमारास एल्फिन्स्टन सर्कलचे उद्यान झाले आणि आज हॉर्निमन सर्कलची झाडे त्यावर सावली धरून आहेत. फ्लोरा फाऊंटनचे १८६४ चे कारंजे जुन्या आणि नव्या दोन्ही चित्रांत जवळजवळ तसेच आहे. पण नव्या चित्रात त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे. केवळ दगडाकडे पाहणाऱ्याला ती एका जुन्या दृश्यात पडलेली भर वाटेल. १९५५ च्या नोव्हेंबरात या चौकात गोळीबार झाला, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मात्र हा चौक पूर्वीचा राहिलेला नाही हे लगेच कळते.

काळ्या घोड्याची गोष्ट याच जातीची आहे. युवराज असताना मुंबईला आलेल्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली तेथे बसवला गेला. १९६५ साली तो हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्या जागी ना राजा होता ना घोडा. तरी लोक त्या ठिकाणाला काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ साली तेथे स्वाराविना घोडा उभा करण्यात आला. त्या मधल्या काळात कोणी कॅमेरा रोखला असता, तर चित्रात नुसती मोकळी जागा आली असती. जागेची आठवण तिच्या नावात टिकून होती.

आज जे जात आहे

या साऱ्याचा निष्कर्ष जुनी छायाचित्रे निरुपयोगी आहेत असा नाही. ती अमोल आहेत, आणि म्हणूनच आज कशाची चित्रे राहत आहेत आणि कशाची राहत नाहीत, हा प्रश्न निकडीचा आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींच्या २०७ इमारती होत्या. एका इमारतीत ८० खोल्या, एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट, मधून लांब बोळ आणि संडास सामाईक. शंभर वर्षे या खोल्यांतून कामगारांच्या तीन-चार पिढ्या वाढल्या. आता पुनर्विकासात तेथील कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. नळाच्या पाण्यासाठी आणि संडासासाठी ज्यांनी आयुष्यभर रांगा लावल्या, त्यांना प्रशस्त घर मिळू नये असे कोणीही सुबुद्ध माणूस म्हणणार नाही. चाळ राखावी म्हणून चाळकऱ्याने चाळीतच राहावे, ही मागणी क्रूरपणाची आहे. जुन्या चित्रांच्या मोहात पडलेले पुष्कळ लोक ती अप्रत्यक्षपणे करीत असतात.

इमारत पाडणे न्याय्य असेल; तिची नोंद पुसून टाकणे न्याय्य नाही. हीच गोष्ट गिरगावातील वाड्यांची, लालबागच्या चाळींची आणि शहरोशहरीच्या जुन्या पेठांची आहे. यावर असे सांगितले जाते की, आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. कधी नव्हती इतकी चित्रे निघत आहेत. ते खरे आहे. पण या चित्रांत रस्ता आणि घर असते ते चेहऱ्यामागचा पडदा म्हणून. त्यांवर ठिकाण नसते, नावे नसतात. उपकरण बदलले की ती नाहीशी होतात. १८६० साली रस्त्यावरचा माणूस चित्रातून निसटला तो तंत्राच्या मर्यादेमुळे. आज माणसामागचा रस्ता निसटेल तो निष्काळजीपणामुळे, आणि हा दोष अधिक लाजिरवाणा ठरेल.

उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातील एक रस्ता ठरवावा आणि त्या रस्त्यावरील उभे राहण्याची एक जागा निश्चित करावी. दरवर्षी महाराष्ट्र दिनाला ध्वजवंदनासाठी शाळा जमतेच. त्याच सकाळी, त्याच जागेवरून, त्याच दिशेने एक चित्र घ्यावे. त्याची छापील प्रत काढून मागे तारीख, ठिकाण, दिशा, दुकानांची नावे आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचे व्यवसाय लिहावेत. रहिवाशांची संमती घेऊन जिना, गॅलरी, सामाईक नळ, सूचनाफलक हेही टिपावे. भाडे किती आणि पाणी किती वेळ येते, हेही विचारून लिहावे. एक प्रत शाळेत आणि एक जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. महापालिकेने पुनर्विकासाला परवानगी देताना जुन्या इमारतीची अशी चित्रनोंद सादर करण्याची अट घातली, तर विकासकाच्या खर्चात तिचा भार जाणवणारही नाही. इतिहासाच्या पुस्तकात कोटाच्या तटबंदीची तारीख पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या गल्लीचाही इतिहास असतो, हे यातून जितके उमगेल तितके व्याख्यानातून उमगणार नाही.

पन्नास वर्षांनी कोणीतरी पुन्हा दोन चित्रे शेजारी ठेवील. त्यांतले ‘जुने’ चित्र आजचे असेल. वरळीच्या चाळीतून उंच इमारतीत गेलेल्या कुटुंबातील नातवंडाने तेव्हा विचारले की, आजी राहत होती ती खोली कशी होती, तिच्या दारातून काय दिसे, शेजारी कोण होते. तर त्याला केवळ राजाबाई टॉवरचे आणखी एक सुंदर चित्र दाखवून भागणार नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याजोगे चित्र आज टिपता येते. ती इमारत अजून उभी आहे आणि तिच्याविषयी सांगणारी माणसेही आहेत. पण ती दोन्ही फार काळ थांबणार नाहीत.